पाच वीसची गाडी

एस.टी.त वाहकाची नोकरी करताना गावोगावच्या शाळांची वेळापत्रकं मला तोंडपाठ झाली होती. कुठली शाळा शनिवारी सकाळची भरते, कुठे परिपाठ लांबतो, कुठे सुटताना वंदे मातरम् होतं आणि कुठल्या शाळेतला कुठला वर्ग घंटा झाल्यावरही सुटत नाही, हे मास्तरांइतकंच वाहकालाही ठाऊक असतं. कारण त्याची गाडी फाटकासमोर उभी असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात मी बरीच वर्षं काढली. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं माझ्याकडे मानव विकासची निळी गाडी होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या भागात सातवीपर्यंतची शाळा बहुतेक गावात असते, आठवीला मात्र मोठ्या गावाला जावं लागतं. पूर्वी मुलींचं शिक्षण नेमकं तिथेच थांबायचं. सातवी झाली की वावर, वावर झालं की लग्न. मानव विकास कार्यक्रम २०११ साली राज्यातल्या २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांपर्यंत वाढवला गेला आणि आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी एस.टी.च्या मोफत गाड्या सुरू झाल्या. जवळच्या गावांतल्या मुलींना सायकली मिळाल्या. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या म्हणजे वस्तीवरच्या, घरात पहिल्यांदाच आठवीचं पुस्तक हातात धरणाऱ्या मुली मी या गाडीत चढताना पाहिल्या आहेत. नोकरीतल्या कुठल्या कामाचं समाधान वाटतं असं कुणी विचारलं, तर मी या गाडीचंच नाव घेईन.

या मार्गावरच्या एका हायस्कुलात गणिताचे एक सर होते. शाळा पाचला सुटायची. आमची गाडी पाच वीसला निघायची. दप्तर आवरून, मैत्रिणीला हाका मारून, नळावर पाणी पिऊनही वेळ उरेल इतकी ती वीस मिनिटं होती. शिपाई लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचा आणि पटांगण भरून जायचं. नववीचा वर्ग तेवढा बसलेलाच. शेवटचा तास गणिताचा. सरांचं उदाहरण फळ्यावर अर्धं झालेलं असायचं, ते झालं की दुसरं, मग गृहपाठ, मग गृहपाठ न करणाऱ्यांची उभी रांग. कधी पाच वीस, कधी पाच पंचवीस, चाचणी जवळ आली की साडेपाच.

वर्ग रस्त्याच्या कडेला होता. गाडीच्या पायरीवर उभं राहिलं की खिडकीच्या गजांतून आतलं दिसायचं. पहिल्या टोल्याला मुलींचे हात बाकाखाली जायचे. वही दप्तरात, दप्तराची चेन आवाज न करता बंद, कंपास आधीच गेलेला. ओढणी डोक्यावरून घेऊन मागे गाठ मारलेली. एक मुलगी पासचं कार्ड मुठीत धरून बसायची, जणू सरांनी ‘जा’ म्हटलं की दारातच ते दाखवायचं आहे. डोळे फळ्याकडे, पण मान खिडकीकडे. सर पाठमोरे लिहीत असले की पाच-सहा माना एकदम वळायच्या, गाडी आहे ना एवढं बघायच्या आणि परत सरळ व्हायच्या. त्या वेळात त्यांच्या डोक्यात गणिताचं काही जात असेल असं मला कधीच वाटलं नाही. सर मन लावून शिकवत होते. समोर बसलेल्या मुली मात्र टोला पडताक्षणी गाडीत येऊन बसल्या होत्या.

वर्गात दोन प्रकारची मुलं होती, हे सरांना आतून दिसत नसावं. एक त्याच गावातली. त्यांचं घर शाळेपासून चार पावलांवर, साडेपाचला सुटली काय नि सहाला काय. दुसरी बाहेरगावची. सायकलवाली मुलं चुळबुळ करायची, पण त्यांची सायकल त्यांची वाट बघत थांबते. गाडी थांबत नाही. त्यामुळे ‘दहा मिनिटं बसा’ हे एकच वाक्य बाकागणिक वेगळ्या वजनाचं होतं आणि सगळ्यात जड वजन सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलींवर होतं.

एकदा एकीनं धीर करून म्हटलं होतं, “सर, गाडी आली.” सर म्हणाले, “तुला गाडीत बसायचंय की पास व्हायचंय?” मुलींनीच हे मला गाडीत सांगितलं. त्यानंतर कुणी बोललं नाही. मला त्या उत्तराचं फार वाईट वाटलं, कारण त्या मुलीला दोन्ही हवं होतं आणि पहिल्यावाचून दुसरं होणारच नव्हतं.

ही वीस मिनिटं पुढे कुठे जाऊन पडतात ते सांगतो. आपल्या देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आणि आम्ही पूर्वेकडे, त्यामुळे घड्याळ एक असलं तरी आमचा सूर्य मुंबईच्या वीसेक मिनिटं आधी मावळतो. नोव्हेंबरच्या शेवटी तिकडे सहाला दिवस बुडतो, आमच्याकडे पावणेसहाच्या आत. पाच वीसची गाडी वेळेवर निघाली तर पहिल्या दोन-तीन फाट्यांवरच्या मुली उजेडात उतरतात. पावणेसहाला निघाली तर पहिल्याच फाट्यावर मला दिवा लावावा लागतो. आणि फाटा म्हणजे गाव नव्हे. फाट्यापासून आत दीड-दोन किलोमीटर पायवाट, दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी म्हणजे कपाशी, मध्ये एखादा नाला.

सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की घरात दिवसा कुणी नसतं. माय वावरात, बाप वावरात, धाकटं लेकरू अंगणवाडीतून शेजाऱ्याच्या ओसरीवर. मुलगी घरी पोचली की चूल पेटते, पाणी भरलं जातं, शेळी बांधली जाते. गाडीत मुलींचं बोलणं चालायचं त्यात निम्मं हेच असायचं. “आज मायचा सैपाक मलेच करा लागते.” “काल उशीर झाला तं आबा बोलले.” मुलगी उशिरा आली की घरात पहिला प्रश्न ‘आज काय शिकवलं’ असा नसतो. पहिला प्रश्न असतो, “रोज उशीर काऊन होते?” एक-दोनदा विचारलं जातं, मग गावातलं कुणीतरी बोलतं, मग बाप म्हणतो, राहू दे शाळा. हे मी ऐकीव सांगत नाही. दिवाळीनंतर गाडीत न दिसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या गावच्या फाट्यावर मैत्रिणींना विचारलं की उत्तर ठरलेलं, “तिचं बंद केलं काका.” सगळ्याच घरी कारण उशिराचं होतं असं म्हणणार नाही. गरिबी होती, स्थळं होती, परीक्षेचं भय होतं. पण ज्या बापाला नाही म्हणायचंच आहे त्याच्या हाती कारण द्यायला नको, एवढं तरी शाळेला करता येतं.

आणि मग २०१८ साल आलं. राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलातली टी-१ वाघीण, जिला बाहेरचे लोक अवनी म्हणून ओळखतात, तिच्यावर १३ माणसांच्या बळींचा संशय होता. बोराटी, सराटी ही नावं तेव्हा देशभर छापून आली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. ते बरोबर की चूक यावर पुष्कळ बोललं गेलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यात मी जात नाही. मी त्या दिवसांतला फाटा सांगतो. माणसं हातात काठ्या, कुऱ्हाडी, टॉर्च घेऊन चार-पाच जण मिळून मुलींना न्यायला फाट्यावर येऊन उभी राहायची. दिवसभर वावरात राबलेली माणसं. गाडी वीस मिनिटं उशिरा म्हणजे ती माणसं वीस मिनिटं जास्त उघड्यावर आणि परतीची वाट अंधाराची. वाघीण मारल्यावरही तिचे दोन बछडे जंगलात होते, भीती लगेच गेली नव्हती. अशा दिवसांतही नववीचा वर्ग वेळेवर सुटत नव्हता.

‘मग गाडी थांबवायची,’ असं कुणालाही वाटेल. आम्ही थांबवत होतोच. आमचे चालक मोठ्या मनाचे होते, इंजिन बंद करून विडी पेटवायचे आणि म्हणायचे, येऊ द्या पोरींना. पण गाडी एका शाळेची नसते. पुढच्या गावी दुसऱ्या हायस्कुलाच्या मुली थांब्यावर उभ्या आहेत, तिथे निवारासुद्धा नाही. शेवटच्या गावाहून परत फिरायचं आहे, वेबिलावर वेळ लिहायची आहे, आगारात कंट्रोलर विचारणार आहे. पाच मिनिटं निभावतात, दहासुद्धा कधीमधी निभावतात. रोजची वीस कुणाच्या तरी पदरातून काढावी लागतात आणि तो पदरही दुसऱ्या कुठल्या मुलीचाच असतो. दोन-तीनदा असं झालं की डबल बेल मारून निघावंच लागलं. मागे बघितलं तर वर्गाच्या दारातून मुली पळत सुटल्या होत्या. चालकांना आरशात दिसलं, त्यांनी गाडी पुढे नेऊन कडेला घेतली. धापा टाकत चढलेल्या मुलींपैकी एकीची चप्पल मागे राहिली होती. तिनं ती मागितली नाही.

आता सरांबद्दल. त्यांच्यावर राग धरून हे लिहीत नाही, आणि वाचणाऱ्यानंही धरू नये. तासावर न येणारे, आले तर खुर्चीत बसून राहणारे मास्तर या गाडीतल्या मुलींनी मला पुष्कळ सांगितले होते. हे सर तसले नव्हते. गणित आणि विज्ञान दोन्ही त्यांच्याकडे, कारण विज्ञानाची जागा रिकामी होती. वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, मुलांची माहिती ऑनलाइन भरणं. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पाच हजेरीत आणि वर्ग बदलण्यात जातात. शिवाय विदर्भाची शाळा उशिरा उघडते. उन्हामुळे ते बरोबरच आहे, जूनच्या मध्यावर आमच्याकडे पत्र्याच्या वर्गात बसवत नाही. पण त्याचा हिशोब शेवटी शिक्षकाच्याच अंगावर येतो. माझी नात दहावीला होती त्या वर्षाचंच बघा. २०२४ साली उर्वरित महाराष्ट्रात १५ जूनला शाळा उघडल्या, विदर्भात १ जुलैला. परीक्षा मात्र सगळ्या राज्याची एकाच दिवशी, २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली, नेहमीच्या मार्चपेक्षाही आधी. पंधरा दिवस कमी घेऊन तोच अभ्यासक्रम पुरा करायचा, तर मास्तर घंटेनंतर फळ्याला चिकटून राहिला यात नवल नाही. सरांना मुली पास व्हायला हव्या होत्या. त्यांची तळमळ खरी होती, म्हणूनच त्यांच्याशी बोलणं अवघड होतं.

पालकांनी प्रयत्न केला होता. एका पोडावरचे दोघे-तिघे शाळेत गेले. तिथे बोलणं चढत गेलं. त्यांनी म्हटलं, तुम्ही पोरींना कोंडून ठेवता. सर दुखावले. म्हणाले, उद्यापासून घंटा झाली की खडू खाली ठेवतो, मग नापास झाल्या तर माझ्याकडे येऊ नका. आठवडाभर तसंच केलं, आणि मुलींना ते उशिरापेक्षाही जड गेलं, कारण सर वर्गात त्यांच्याशी तुटक वागू लागले. मग पुन्हा पहिल्यासारखं. मुख्याध्यापकांनी सूचनावहीत काहीतरी लिहून फिरवलं, सगळ्या शिक्षकांनी सह्या केल्या, त्यानं काही फरक पडला नाही. मुलींच्या तोंडून निरोप पाठवणं तर सगळ्यात वाईट. मोठ्या माणसांचा वाद लेकराच्या जिभेवर ठेवला की मार लेकरालाच बसतो, मग तो शब्दाचा का असेना. कायद्यानं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, पण ‘पास व्हायचंय की नाही’ याला कुणी त्रास म्हणत नाही.

मी माझ्या सुट्टीच्या दिवशी गेलो. गणवेश न घालता, मधल्या सुट्टीत. गणवेशात गेलो असतो तर एस.टी. शाळेशी भांडायला आली असं झालं असतं, आणि सगळ्यांसमोर बोलणं काढलं असतं तर त्यांना मान खाली घालावी लागली असती. सरांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी उशिराचा विषय काढायच्या आधी त्यांच्या मुलींचं बोललो. कोण गाडीत पाढे म्हणते, कोण धाकटीला वर्गमूळ शिकवते. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा खुलला. मग मी फाट्यांची नावं घेतली. कुठला फाटा किती वाजता येतो, तिथून गाव किती आत आहे, न्यायला कोण येतं, कुणाला न्यायला कुणीच येत नाही. बाकी काही बोललो नाही, तक्रार केली नाही.

ते म्हणाले, “मी काय माझ्यासाठी थांबवतो का हो त्यांना?”

म्हटलं, “नाही सर. हे अख्ख्या गाडीला माहीत आहे.”

“मग मी वेळ कुठून आणू? तुम्हीच सांगा.”

हा प्रश्न त्यांनी चिडून विचारला असेल, पण त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. कारण त्यांना संध्याकाळची गाडी माहीत होती, सकाळची नाही. आमची गाडी सकाळी नऊ पन्नासला शाळेसमोर मुली उतरवून पुढच्या फेरीला जायची. शाळा साडेदहाला. चाळीस मिनिटं ह्या मुली कडुनिंबाखाली दप्तरावर बसून असायच्या. वर्गांना कुलूप, शिपाई दहानंतर येणार. कुणी गृहपाठ उतरवायची, कुणी नुसतीच बसायची, थंडीत उन्हाचा तुकडा शोधत सरकत राहायच्या. सर तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलनं यायचे, दहा वीसच्या सुमारास. ते यायच्या वेळेला पटांगण भरलेलं असायचं, त्यामुळे यातल्या काही मुली अर्ध्या तासापासून इथे आहेत हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

मी हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “रोज?”

म्हटलं, “रोज.”

ते पटांगणाकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, “कोण कोण असतात?” मी नावं सांगितली. त्यांतल्या बऱ्याच मुली संध्याकाळी उभ्या राहणाऱ्यांच्या रांगेतल्या होत्या.

काम एका दिवसात झालं नाही. वर्गाची किल्ली कुणाकडे राहणार यावरच बरेच दिवस गेले. मुख्याध्यापकांचं म्हणणं, काही हरवलं तर जबाबदार कोण. शेवटी किल्ली सरांनीच घेतली. दुसरी अडचण गावातल्या मुलांची. त्यांना सकाळी लवकर यायला जिवावर येत होतं, आणि त्यांचे पालक म्हणाले, जादा तास सगळ्यांचा हवा, गाडीच्या मुलींचाच का. सरांनी त्यांना सांगितलं, यायचं असेल त्यानं यावं, दार उघडं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस सकाळचा तास सुरू झाला. सरांना त्यासाठी घरून पाऊण तास आधी निघावं लागायचं. हिवाळ्यात मोटारसायकलवर ते सोपं नसतं. त्यांनी ते केलं, हे मला इथे मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण वेळेवर सोडत नाहीत म्हणून त्यांचं नाव गावोगाव झालं होतं, सकाळी लवकर निघतात म्हणून झालं नाही.

संध्याकाळची सवय लगेच सुटली नाही. उदाहरण रंगात आलं की टोला त्यांना ऐकूच जायचा नाही. मग त्यांनी एक रीत काढली. घंटा झाली की जिथे असतील तिथे खडू थांबवायचा, अर्ध्या उदाहरणाभोवती चौकट करायची आणि बाजूला लिहायचं, ‘पुसू नये’. राहिलेलं सकाळी. याचा एक परिणाम त्यांनी योजला नसेल, पण मी पाहिला. मुली ते अर्धं उदाहरण वहीत उतरवून गाडीत घेऊन यायच्या. दोन सीटच्या मध्ये दप्तर आडवं ठेवून त्यावर वही, आणि खड्ड्यांत पेन्सिल उडते आहे तरी पुढची पायरी काय यावर भांडण. एकदा बारावीच्या मुलीनं सांगितलेलं उत्तर नववीच्या मुलीनं चूक ठरवलं. तिचं बरोबर निघालं हे दुसऱ्या दिवशी सकाळी चढताना मला सगळ्यात आधी सांगितलं गेलं.

माझ्या लहानपणी आमचे गुरुजीही घंटेनंतर बसवायचे. त्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही अंधार पडेपर्यंत बसायचो आणि कुणाच्या घरी कुणी रागावायचं नाही. गुरुजी गावातच राहायचे, आम्ही गावातच राहायचो, आणि उशीर झाला तर आमची माय पदर खोचून शाळेच्या दारात येऊन उभी राहायची. गुरुजींना तिचं नाव माहीत होतं. घंटेनंतर थांबवणं तेव्हाही होतं, फक्त थांबवणाऱ्याला घरची वाट माहीत होती. आता शिक्षक एका दिशेनं येतात, मुलं दुसऱ्या दिशेनं, आणि दोघांची भेट साडेदहा ते पाच एवढीच. म्हणून मला वाटतं, शिक्षकांची नेमणूक झाली की पहिल्या महिन्यात त्यांनी एकदा तरी मुलांच्या गाडीतून शेवटच्या गावापर्यंत जाऊन यावं. सक्ती नको, पण मुख्याध्यापकांनी सुचवावं. तिकिटाचे पैसे फार नाहीत.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा पहिली ते आठवीपुरता आहे, पण त्यातलं एक कलम मला नववी-दहावीलाही लागू असल्यासारखं वाटतं. चोविसाव्या कलमात शिक्षकाची कामं सांगितली आहेत. अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पुरा करणं, मूल कुठे कमी पडतं ते बघून गरजेप्रमाणे जादा शिकवणं, आणि पालकांशी नियमित बैठका घेणं. ही तिन्ही एकाच यादीत आहेत. जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे, पालकांनी त्याला आडवं जाऊ नये. पण ते कधी शिकवायचं हे पालकांना विचारून ठरवायचं, हेही त्याच यादीतून निघतं. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या आई-बापांना माझं सांगणं एवढंच असतं की ‘सोडत का नाही’ असं विचारू नका, ‘जादा तास कुठल्या वेळेला घेता येईल’ असं विचारा, आणि जाताना आपल्या गावच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून न्या. दोन-चार गावांचे लोक मिळून गेले तर बरं, पण बोलणारा एकच असावा आणि तो आवाज न चढवणारा असावा. आणि हे जुलैच्या पहिल्या पालकसभेतच करावं. डिसेंबरात अभ्यासक्रमाचा घोर सुरू झालेला असतो, तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नाही.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. हे सगळं मुलींच्या गाडीचं झालं. त्याच वर्गातल्या बाहेरगावच्या मुलांना ही मोफत गाडी नाही. त्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, पण तो पास साध्या गाडीचा, आणि साधी गाडी आमच्या त्या थांब्यावर साडेसहानंतरची. ती चुकली की काळी-पिवळीच्या मागच्या पायरीवर लोंबकळत जायचं. मुलगा आहे, येईल कसाही, असं घरचेही म्हणतात आणि शाळाही म्हणते. टोला पडल्यापासून साडेसहापर्यंत ती पोरं थांब्याजवळच्या पानटपरीपाशी उभी असतात. दहावीनंतर त्यांतली किती पुढे शिकली याची चौकशी करायला कुणी येत नाही. सकाळचा तास सुरू झाला तेव्हा मी सरांना म्हटलं होतं की मुलांसाठी संध्याकाळी वाचनालयाची खोली उघडी ठेवता आली तर बघा. त्यांनी मुख्याध्यापकांकडे विषय काढलाही होता. तोवर माझी निवृत्ती झाली, सरांची बदली झाली आणि ती खोली अजून पाचलाच बंद होते असं परवा त्या मार्गावरच्या माझ्या जागी आलेल्या वाहकानं सांगितलं. मी त्याला शाळेत कुणाला भेटायचं ते सांगून ठेवलं आहे, मधल्या सुट्टीत आणि गणवेश न घालता.